बनावट खाती आणि संपादनांचे वाद कसे हाताळावेत: खानदेशातील विकिपीडिया संपादकांसाठी मार्गदर्शन

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि आज जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील गावे, नद्या, किल्ले, संस्था आणि माणसे यांच्याविषयी तेथे लेख आहेत. या लेखांवर लक्ष ठेवणारे हात मात्र थोडे आहेत. इंग्रजी विकिपीडियावरील गाजलेल्या विषयांच्या लेखात केलेला चुकीचा बदल बहुधा लवकरच कोणाच्या तरी नजरेस पडतो. तापीकाठच्या एखाद्या गावाच्या लेखात केलेला खोडसाळ बदल महिनोन्‌महिने तसाच राहू शकतो. हात थोडे असल्यामुळेच एकटा माणूस तीन-चार खाती उघडून बहुमताचा आभास निर्माण करू शकतो, आणि त्याच कारणाने दोन जाणकार संपादक एका वाक्यावरून हमरीतुमरीवर आले की त्यांपैकी एक जण कायमचा निघून जातो. यांतले दुसरे नुकसान अधिक मोठे आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण चुकीचे वाक्य केव्हाही दुरुस्त करता येते, पण अहिराणी जाणणारा, संदर्भ शोधून लिहिणारा आणि वेळ देऊ शकणारा संपादक सहजासहजी पुन्हा मिळत नाही.

म्हणून या मार्गदर्शनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. मजकुराचा वाद आणि खात्याविषयीचा संशय या दोन बाबी कधीही एकत्र करू नयेत. मजकुराचा वाद लेखाच्या चर्चापानावर, संदर्भांच्या आधारे सोडवावा. खात्याविषयीचा संशय पुराव्यासह प्रचालकांकडे, म्हणजे पाने सुरक्षित करण्याचा आणि खाती अडवण्याचा अधिकार असलेल्या सदस्यांकडे, न्यावा. चर्चापानावर ‘तुमचा संदर्भ चुकीचा आहे आणि तुम्ही अमुकच आहात’ असे एकाच दमात लिहिले की संदर्भाची चर्चा तेथेच थांबते, समोरची व्यक्ती स्वतःच्या बचावात गुंतते आणि तिसरा कोणीही त्या पानाकडे फिरकत नाही.

वाद नेमका कशाचा आहे हे आधी शोधावे

एक उदाहरण घेऊ. त्यातील खाती काल्पनिक आहेत, वादाचा विषय मात्र खरा आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मधला. त्यांचे मूळ गाव कोणते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. भास्कराचार्यांनी स्वतः सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या ‘विज्जडविड’ या नगराचा उल्लेख केला आहे. हे नगर म्हणजे कर्नाटकातील विजापूर असे काही जण मानतात, तर काही जण ते चाळीसगावजवळच्या पाटणे परिसरात होते असे मानतात. समजा, एका संपादकाने लेखाच्या पहिल्याच वाक्यात ‘जन्म पाटणे, तालुका चाळीसगाव’ असे लिहिले. दुसऱ्याने ते काढून ‘विजापूर’ लिहिले. पहिल्याने तो बदल उलटवला, दुसऱ्याने पुन्हा उलटवला, आणि प्रत्येक वेळी संपादन सारांशातील, म्हणजे बदलासोबत लिहायच्या छोट्या टिपेतील, भाषा थोडी अधिक कडवट होत गेली.

अशा वेळी सर्वप्रथम ‘इतिहास पहा’ उघडून मागील आवृत्त्यांमधील फरक शांतपणे वाचावेत. बहुतेक वादांत असे आढळते की दोन्ही बाजूंना आपापला आधार आहे, पण तो आधार जेवढे सांगतो त्याहून अधिक लिहिले गेले आहे. पाटणे येथील शिलालेखाचेच पाहा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. इसवी सन १२०७ च्या सुमाराच्या या लेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची आणि त्या मठाला दान मिळाल्याची नोंद आहे. म्हणजे भास्कराचार्यांच्या घराण्याचा पाटणे परिसराशी असलेला संबंध या लेखाने सिद्ध होतो. जन्मस्थान सिद्ध होत नाही. आपल्या जिल्ह्याविषयी प्रेम असणाऱ्या माणसाला हा फरक जाचतो हे मी जाणतो, तरीही लेखात तो पाळावाच लागतो.

यातून मार्ग काढणारे वाक्य असे असू शकते: ‘भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथात विज्जडविड या नगराचा उल्लेख केला आहे, या नगराच्या स्थाननिश्चितीविषयी अभ्यासकांत मतभेद असून काही जण ते विजापूर, तर काही जण चाळीसगावजवळील पाटणे मानतात.’ यानंतर प्रत्येक मताला त्या त्या अभ्यासकाचा संदर्भ जोडावा आणि शिलालेखाची माहिती ‘वारसा’ किंवा ‘घराणे’ अशा स्वतंत्र परिच्छेदात द्यावी. विकिपीडियाच्या तटस्थ दृष्टिकोनाचा अर्थ दोन दाव्यांची सरासरी काढणे असा नाही. कोणते मत कोणाचे आहे आणि त्याला अभ्यासकांमध्ये किती मान्यता आहे, हे वाचकाला कळेल अशा रीतीने लिहिणे हा त्याचा अर्थ आहे.

अहिराणीविषयीचा वादही याच पद्धतीने हाताळता येतो. ती मराठीची बोली आहे की स्वतंत्र भाषा, यावरून लेखाचे पहिले वाक्य वारंवार बदलले जाऊ शकते. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीचा समावेश भिल्ल भाषांच्या खंडात केला होता. भारताच्या जनगणनेत खानदेशीची नोंद मराठीहून वेगळी होते आणि अहिराणी तिच्या अंतर्गत मोजली जाते. मराठीच्या अनेक अभ्यासकांनी मात्र तिचा विचार मराठीची बोली म्हणून केला आहे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि तिन्ही लेखात बसतात, फक्त कोणी काय म्हटले ते प्रत्येक ठिकाणी नमूद करावे लागते.

काही वाद तर केवळ काळाचे भान ठेवल्याने मिटतात. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि नंदुरबार हा धुळ्यातून वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्यामुळे १९३० साली शहाद्यात जन्मलेल्या व्यक्तीच्या लेखात ‘पश्चिम खानदेश जिल्हा (आता नंदुरबार जिल्हा)’ असे लिहिले की दोन्ही बाजूंचे समाधान होते. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. २००५ साली मिळालेल्या पदवीच्या उल्लेखात विद्यापीठाचे जुने नाव ठेवण्यात बहिणाबाईंचा कोणताही अनादर नाही. इंग्रजी विकिपीडियावर पोलंडमधील एका शहराचे नाव गडान्स्क की डान्झिग हा वाद इतका चिघळला होता की २००५ मध्ये त्यासाठी मतदान घ्यावे लागले, आणि कोणत्या कालखंडासाठी कोणते नाव वापरावे हे त्यातून ठरवले गेले.

उलटवण्याची मर्यादा आणि चर्चापानावरचे पहिले पत्र

इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर चोवीस तासांत तीनहून अधिक वेळा इतरांचे संपादन उलटवणाऱ्यास प्रतिबंध होऊ शकतो. या नियमाला ठरावीक अपवाद आहेत: उघड उत्पात, प्रतिबंधित व्यक्तीची नवी खाती, स्वतःचेच संपादन मागे घेणे, आणि जिवंत व्यक्तीविषयीचा निराधार बदनामीकारक मजकूर काढणे. तीन ही संख्या म्हणजे मिळालेला कोटा नव्हे. लहान विकीवर मी तर एकच मर्यादा सुचवेन: एकदा उलटवावे, दुसऱ्यांदा चर्चापान उघडावे. आपली आवृत्ती एक रात्र पानावर नसल्याने काही बिघडत नाही.

चर्चापानावरचे पहिले पत्र कसे लिहिले आहे यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. ते असे असावे: ‘नमस्कार. आपण जन्मस्थान म्हणून पाटणे लिहिले आहे. पाटण्याच्या शिलालेखात मठाच्या स्थापनेची नोंद आहे, जन्माचा उल्लेख मला त्यात आढळला नाही. आपल्याकडे जन्मस्थानाविषयी थेट सांगणारा संदर्भ असल्यास कृपया पृष्ठ क्रमांकासह द्यावा. तोपर्यंत दोन्ही मते नोंदवणारे पुढील वाक्य ठेवावे असे मी सुचवतो.’ या पत्रात समोरच्याला ‘आपण’ म्हटले आहे, त्याच्या हेतूविषयी अवाक्षर नाही, हरकत एकाच मुद्द्याला आहे आणि पर्यायी वाक्य तयार आहे. ‘अभ्यास वाढवा’, ‘आम्हाला शिकवू नका’ अशा शब्दांनी सुरू झालेली चर्चा सहसा पुढे जात नाही.

पत्र लिहिल्यावर चार-पाच दिवस वाट पाहावी. खानदेशातील अनेक संपादक शिक्षक, विद्यार्थी किंवा शेतकरी कुटुंबातले आहेत. परीक्षेच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत उत्तराला उशीर होतो, आणि त्या मौनाला संमती समजणे योग्य नाही. उत्तर आले नाही किंवा एकमत झाले नाही तर चावडीवर, म्हणजे सर्व संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, थोडक्यात आणि तटस्थ शब्दांत नोंद करून इतरांचे मत मागावे. ‘अमुक लेखातील जन्मस्थानाविषयी मतभेद आहेत, कृपया चर्चापानावर मत द्यावे’ एवढे पुरते.

तरीही उलटवाउलटवी थांबत नसेल तर प्रचालकांकडे पान सुरक्षित करण्याची विनंती करता येते. अर्धसुरक्षित पानावर नवी आणि नोंदणी नसलेली खाती संपादन करू शकत नाहीत, तर पूर्ण सुरक्षित पान फक्त प्रचालकांना बदलता येते. सुरक्षित केल्या क्षणी पानावर जी आवृत्ती असेल तीच राहते. प्रचालकाने ती निवडली, तिला मान्यता दिली किंवा समोरच्याची बाजू घेतली असा त्याचा अर्थ होत नाही. या एका गैरसमजातून प्रचालकांवर पक्षपाताचे आरोप होतात, म्हणून ही बाब नव्या संपादकांना आधीच समजावून सांगावी.

बनावट खाते म्हणजे काय आणि काय नाही

एकाच व्यक्तीची दोन खाती असणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही. सार्वजनिक संगणकावरून काम करण्यासाठी वेगळे खाते, सांगकाम्या (आपोआप संपादन करणारी संगणकीय आज्ञावली) चालवण्यासाठी वेगळे खाते, किंवा पासवर्ड हरवल्यामुळे उघडलेले नवे खाते या सर्व गोष्टी चालतात. सदस्यपानावर तसा स्पष्ट उल्लेख असला म्हणजे झाले. गैर ठरते ती फसवणूक: चर्चेत एकाच माणसाने दोन नावांनी कौल देणे, उलटवण्याची मर्यादा चुकवण्यासाठी खाते बदलणे, प्रतिबंध झाल्यावर नव्या नावाने परत येणे, किंवा आपल्याच मताला दुसऱ्या खात्यातून ‘पूर्ण सहमत’ असे लिहिणे.

यालाच लागून एक प्रकार आहे, जो आपल्याकडे अधिक आढळतो. गावाच्या, समाजाच्या किंवा संस्थेच्या व्हॉट्‌सॲप गटावर संदेश फिरतो की विकिपीडियावर आपल्याविषयी चुकीचे लिहिले आहे, सर्वांनी जाऊन बदलावे. मग तासाभरात दहा नवी खाती एकच बदल करतात. ही माणसे खरी असतात, त्यांचा राग खरा असतो, कधीकधी त्यांची हरकतही खरी असते. परंतु विकिपीडियावरील निर्णय डोकी मोजून होत नाही, आणि एकाच हाकेवर आलेल्या खात्यांना प्रचालक एकच बाजू मानू शकतात. अशा वेळी त्या सर्वांना बनावट ठरवून हाकलण्याऐवजी एका खात्याच्या चर्चापानावर नम्रपणे लिहावे: हरकत कोणत्या वाक्याला आहे, आणि त्यावर कोणते पुस्तक, गॅझेटिअर किंवा वृत्तपत्र दाखवता येईल? दहांपैकी एखादा उत्तर देतो, आणि त्याच्याशी बोलता येते.

संशय कशाच्या आधारे घ्यावा

पुन्हा आपल्या काल्पनिक लेखाकडे येऊ. रात्री १० वाजून ४२ मिनिटांनी पहिल्या खात्याने तिसऱ्यांदा उलटवले. १० वाजून ४९ मिनिटांनी एक नवे खाते तयार झाले. १० वाजून ५३ मिनिटांनी त्या नव्या खात्याचे पहिलेच संपादन म्हणजे तोच बदल होता. संपादन सारांशात दोन्ही खात्यांनी ‘संदर्भ’ हा शब्द ‘सदंर्भ’ असा लिहिला, दोघेही पूर्णविरामाआधी जागा सोडतात, आणि नव्या खात्याला पहिल्याच दिवशी संदर्भाचा साचा (संदर्भ लिहिण्याचा तयार नमुना) बिनचूक वापरता येतो. यांतली कोणतीही एक गोष्ट पुरावा ठरत नाही. मोबाइलच्या कळफलकावर अनुस्वार भलत्या अक्षरावर पडणे सर्रास घडते, आणि साचा वापरता येणारा नवा सदस्य दुसऱ्या भाषेच्या विकिपीडियावर आधीपासून काम करत असू शकतो. पण या सर्व गोष्टी एकाच लेखात, एकाच वादात, अकरा मिनिटांत एकत्र आल्या म्हणजे प्रचालकांकडे जाण्याइतका आधार निश्चित तयार होतो.

आधार तपासताना दोन्ही खात्यांची ‘योगदान’ पाने शेजारी शेजारी उघडावीत. दोन्ही खाती कधी एकाच मिनिटात संपादन करताना दिसतात का, की एक थांबल्यावरच दुसरे सुरू होते? सामायिक लेख किती आहेत, आणि ते केळी किंवा अहिराणी यांसारखे अनेकांच्या आवडीचे आहेत, की एखाद्या खासगी शिक्षणसंस्थेविषयीचे, ज्यात सहसा कोणाला रस नसतो? ‘विशेष:सेंट्रलऑथ’ या पानावर खाते कोणत्या विकीवर केव्हा तयार झाले हे दिसते, आणि दोन खात्यांनी कोणकोणती पाने संपादित केली हे दाखवणारी उपकरणेही उपलब्ध आहेत. एवढे पाहिल्यावर बराचसा संशय तरी दूर होतो, किंवा त्याला नेमका आकार येतो.

संशय चुकीचा ठरण्याची जी शक्यता खानदेशात सर्वांत मोठी आहे, तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने २७ फेब्रुवारीला महाविद्यालयात विकिपीडियाची कार्यशाळा होते. अमळनेर, चोपडा किंवा साक्री येथील एखाद्या संगणक कक्षात वीस विद्यार्थी एकाच जोडणीवरून, एकाच दुपारी, प्राध्यापकांनी सुचवलेल्या त्याच चार लेखांत भर घालतात, एकाच फळ्यावरून उतरवलेला संपादन सारांश लिहितात आणि एकमेकांचे लेख दुरुस्त करतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे बनावट खात्यांचे जाळे वाटते. तांत्रिक तपासणीतही सर्व खाती एकाच अंकपत्त्यावर (आयपी ॲड्रेसवर) दिसतात. मोबाइल इंटरनेटवर तर परिस्थिती आणखी गुंतागुंतीची असते, कारण कंपन्या एकच अंकपत्ता असंख्य ग्राहकांना वाटून देतात. तो किंवा त्याची संपूर्ण श्रेणी अडवली की ज्यांचा वादाशी काडीचाही संबंध नाही असे लोकही अडकतात. म्हणून ‘अंकपत्ता एकच आहे’ या वाक्यावर कोणालाही दोषी ठरवू नये.

तक्रार कशी लिहावी

तक्रार थोडक्यात आणि दुव्यांसह लिहावी. प्रचालक स्वयंसेवक आहेत. दहा परिच्छेदांची कैफियत वाचण्यापेक्षा चार फरकांचे दुवे पाहणे त्यांना सोपे जाते. ‘या दोन खात्यांनी अमुक तारखेला अमुक लेखात एकच बदल केला, पहिला फरक हा, दुसरा हा, दुसरे खाते पहिल्याच्या तिसऱ्या उलटवणीनंतर सात मिनिटांनी तयार झाले, चर्चापानावर दोन्ही खात्यांनी वेगवेगळे मत म्हणून पाठिंबा दिला, दुवा हा, कृपया तपासावे’ असा मजकूर पुरेसा आहे. ‘सर्वांना ठाऊक आहे’, ‘याची जुनी सवय आहे’ ही वाक्ये टाळावीत, कारण त्यांची शहानिशा करता येत नाही. तक्रार केल्यावर त्या संपादकाच्या सदस्यचर्चापानावर तसे कळवावे, म्हणजे त्याला आपली बाजू मांडता येते.

वर्तनाच्या पुराव्यावरून निर्णय होत नसेल तर चेकयूजर नावाची तांत्रिक तपासणी असते. ती करण्याचा अधिकार अगदी मोजक्या, गोपनीयतेच्या अटी मान्य केलेल्या सदस्यांनाच असतो. ज्या विकीवर असे स्थानिक सदस्य नाहीत, तेथील विनंती मेटा-विकी या सर्व विकींच्या सामायिक संकेतस्थळावर स्टुअर्ड, म्हणजे प्रतिपालक, यांच्याकडे करावी लागते. या तपासणीसाठीची माहिती साधारण ९० दिवसच साठवली जाते, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच्या प्रकरणात तिचा उपयोग होत नाही. तपासणी कोणाच्याही मनातील शंका फेडण्यासाठी केली जात नाही. आधी गैरवर्तनाचा पुरावा द्यावा लागतो. उत्तरही बहुधा ‘शक्य आहे’, ‘बराच संभव आहे’ किंवा ‘संबंध दिसत नाही’ अशा स्वरूपात येते, आणि कोणाचा अंकपत्ता काय हे सहसा जाहीर केले जात नाही. नोंदणी न करता लिहिणाऱ्यांसाठीही विकिमीडियाने २०२४ पासून टप्प्याटप्प्याने तात्पुरती खाती आणली आहेत. त्यांत अंकपत्त्याऐवजी आपोआप तयार झालेले नाव दिसते. अशा नावाचा सदस्य दिसला म्हणून त्याने मुद्दाम ओळख लपवली आहे असे समजू नये.

एका बाबतीत मी कोणतीही सवलत देणार नाही. संशयित खात्यामागची व्यक्ती कोण, ती कोठे नोकरी करते, कोणत्या गल्लीत राहते, हे विकिपीडियावर कधीही लिहू नये, अंदाज म्हणूनही नाही. जळगाव किंवा शिरपूरसारख्या ठिकाणी माणसे एकमेकांना ओळखतात. लेखातील वाद संस्थेच्या कार्यालयात किंवा घराच्या दारात पोहोचायला वेळ लागत नाही. असा मजकूर दिसल्यास त्यावर जाहीर चर्चा न करता तो दडपण्याची विनंती खासगी ईमेलने करावी. कोणी जिवाला धोका पोहोचवण्याची धमकी दिली तर विकिमीडिया फाउंडेशनच्या आणीबाणी पथकाला आणि स्थानिक पोलिसांना लगेच कळवावे.

पैसे घेऊन होणारे लेखन

निवडणुकीच्या आधी उमेदवारांचे, आणि प्रवेशाच्या दिवसांत खासगी संस्थांचे लेख अचानक फुलू लागतात. पैसे किंवा नोकरीचा भाग म्हणून संपादन करणाऱ्याने ते जाहीर केलेच पाहिजे, अशी अट विकिमीडियाच्या वापराच्या अटींत २०१४ पासून आहे. ही अट लपवून काय होते याचे ठळक उदाहरण ऑगस्ट २०१५ मध्ये समोर आले. इंग्रजी विकिपीडियावर ऑरेंजमूडी या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकरणात ३८१ खाती प्रतिबंधित झाली. ज्यांचे लेख नाकारले गेले होते अशा लहान व्यावसायिकांना आणि व्यक्तींना गाठून लेख छापून देण्यासाठी पैसे मागायचे, आणि नंतर लेख टिकवून ठेवण्यासाठी पुन्हा पैसे मागायचे, अशी ती पद्धत होती. आपल्या भागातील एखाद्या दुकानदाराला किंवा कलावंताला ‘विकिपीडियावर पान करून देतो’ असा फोन आला, तर त्याला एवढे जरूर सांगावे की लेख टिकवण्याची हमी कोणीही विकू शकत नाही.

आपल्यावरच आरोप झाला तर

शांत राहावे आणि दुसऱ्या खात्यातून स्वतःच्या बचावासाठी येऊ नये. त्याने निर्दोष माणूसही दोषी दिसतो. घरातील किंवा कार्यालयातील दुसरी व्यक्ती त्याच जोडणीवरून संपादन करत असेल तर दोघांच्या सदस्यपानांवर तसे नमूद करावे आणि एकाच चर्चेत दोघांनी कौल देणे टाळावे. प्रतिबंध झालाच, तर आपल्या चर्चापानावरून फेरविचाराची विनंती करता येते. त्या विनंतीत इतरांच्या चुका न मोजता आपण काय केले आणि पुढे काय करणार तेवढेच लिहावे.

कार्यशाळा घेणाऱ्यांसाठी

एका अंकपत्त्यावरून एका दिवसात सहाच नवी खाती उघडता येतात. सातव्या विद्यार्थ्याला अडचण येते, मग तो शेजाऱ्याच्या खात्यातून लिहू लागतो, आणि एक खाते अनेकांनी वापरण्याचा प्रश्न निर्माण होतो. विद्यार्थ्यांना आदल्या दिवशीच घरून खाती उघडायला सांगावे किंवा या मर्यादेतून सूट आधी मागून ठेवावी. कार्यशाळेची तारीख, ठिकाण, सहभागी खात्यांची यादी आणि निवडलेले लेख यांची नोंद चावडीवर आधी करावी. विद्यार्थ्यांनी पहिला मजकूर धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहावा, आणि एकाच वादग्रस्त लेखावर सर्वांना बसवू नये.

प्रतिबंध झाल्यानंतर

खाते बनावट ठरले आणि प्रतिबंधित झाले की त्याची सर्व संपादने सरसकट उलटवण्याचा मोह होतो. नियमानुसार प्रतिबंध चुकवून केलेली संपादने कोणीही उलटवू शकतो, परंतु तसे करणे बंधनकारक नाही. प्रत्येक बदल स्वतंत्रपणे पाहावा. जिवंत व्यक्तींविषयीचा निराधार मजकूर ताबडतोब काढावा. संदर्भ दिलेला असल्यास तो प्रत्यक्ष उघडून वाचावा. मजकूर खरा आणि उपयुक्त असेल तर त्याची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेऊन तो ठेवावा, आणि संपादन सारांशात तसे लिहावे. आपल्या उदाहरणातील नव्या, बनावट खात्याने पाटण्याच्या शिलालेखाचा पृष्ठ क्रमांकासह अचूक संदर्भ दिला असेल, तर खाते गेले तरी तो संदर्भ लेखात राहिला पाहिजे. चर्चापानावर त्या खात्याने दिलेल्या कौलापुढे मात्र ‘बनावट खाते’ अशी नोंद करून तो मोजणीतून वगळावा, आणि प्रामाणिकपणे विजापूरचा किंवा पाटण्याचा पक्ष मांडणारे इतर संपादक असतील तर त्यांच्याशी चर्चा जेथे थांबली होती तेथून पुढे सुरू करावी.